गोएमोननं सूड नक्की कुणाचा घ्यायचा? (एकांकिकेसाठी मदत हवी)

विंगेतला

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीतले नऊ जण हौशी नाटकं करतो. दिवसा कुणी पतपेढीत, कुणी हळदीच्या अडतीवर, मी शाळेत चित्रकला शिकवतो. यंदाच्या स्पर्धेला चाळ, वाटणी, म्हातारा बाप असलं काही नको असं सर्वानुमते ठरलं आणि मी उत्साहाच्या भरात एका जपानी चोरावर एकांकिका लिहायला घेतली. नाव इशिकावा गोएमोन.

गोष्ट अशी बांधलीय: गोएमोन हा इगा प्रांतातला निंजा. १५८१ मध्ये ओदा नोबुनागा ह्या बलाढ्य सरदाराची फौज इगावर तुटून पडते, गाव बेचिराख होतं, बायको जाते. हा पोराला घेऊन क्योटोला येतो, चोर होतो, सरदारांचे वाडे फोडून गोरगरिबांत वाटतो, आणि शेवटी १५९४ मध्ये एका रात्री, नोबुनागानंतर जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीच्या शेजघरात शिरतो. तिथं सापडतो. शेवटचा प्रवेश उकळत्या कढईचा. मुलाला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हा उभा.

पहिलं वाचन झालं. सगळे गप्प. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात आमचा प्रकाशवाला, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "सर, नोबुनागा तर १५८२ मध्येच मेला. मग हा पुढची बारा वर्षं कुणावर डूख धरून बसलाय?" वाचन चालू असताना मोबाइलवर शोधत बसला होता बेटा. मला उत्तर देता आलं नाही, तालीम तिथंच मोडली.

तर जाणकारांना विचारायचंय: हा माणूस खरा होता का? निंजा होता का? सूड कुणाचा? आणि कढईत तेल होतं की पाणी? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, नेपथ्यवाल्याला वाफ सोडायची की धूर ते ठरवायचंय. शिवाय काळ्या पॉपलिनचे चार निंजा पोशाख शिवून आलेत आणि शिलाई माझ्या खिशातून गेलीय.

मधली_सुट्टी

शिलाई गेली असेल तर निंजाच ठेवा, इतिहास गेला खड्ड्यात.

गंमत सोडा. कंपनीनं जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा एका खेड्यातल्या मुक्कामात मी 'गोएमोनबुरो'त आंघोळ केलीय. बिडाचा गोल हंडा, खाली थेट जाळ. पाण्यावर एक लाकडी फळी तरंगत असते. तिच्यावर पाय ठेवून फळीसकट खाली जायचं, म्हणजे तळ भाजत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ती झाकण समजून बाजूला काढून ठेवली. टाचेला हा एवढा फोड. नंतर कळलं की १८०२ च्या सुमाराच्या एका विनोदी प्रवासकथेत दोन वाटसरू ओदावाराच्या खानावळीत हाच घोळ घालतात, आणि चटके बसू नयेत म्हणून शेवटी लाकडी खडावा घालून हंड्यात उतरतात आणि बूड फोडतात. दोनशे वर्षांत अक्कल काही वाढलेली नाही.

चोराला उकळून मारलं आणि त्याच्याच नावाच्या हंड्यात लोक गाणी म्हणत आंघोळ करतात, हे मात्र भारी आहे. तेल की पाणी माहीत नाही, माझ्या हंड्यात पाणी होतं.

कामोकाठ

विंगेतला, त्या प्रकाशवाल्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा.

मी मूळची चिपळूणची, क्योटोत हे अकरावं वर्ष. भाषांतराची कामं करते. घरी जाताना सायकल सान्जोच्या पुलावरून जाते. उन्हाळ्यात तिथं कामो नदीच्या काठी जोडपी बसलेली असतात, दोन जोडप्यांत अंतर अगदी सारखं, पंगतीला पाट मांडावेत तसं. तुमचा गोएमोन तिथंच मेला, नदीच्या वाळवंटात. पंढरपुरात म्हणतात ते वाळवंट, राजस्थानातलं नव्हे. थोडं खाली, शिजोच्या वाळवंटात पुढं काबुकीचे, म्हणजे इथल्या पारंपरिक नाटकाचे, खेळ उभे राहिले. त्यामुळे चोर आणि नाटकवाले दोघंही आमच्याच नदीचे.

माणूस खरा. पुरावा मात्र तुटपुंजा. सगळ्यात जवळचा कागद म्हणजे यामाशिना तोकित्सुने नावाच्या दरबारी उमरावाची रोजनिशी. बुन्रोकू ३, आठवा महिना, चोविसावा दिवस. आपल्या कॅलेंडरनं ८ ऑक्टोबर १५९४. दोन-तीन ओळींची नोंद आहे: चोर-खिसेकापू दहा जण आणि एक मूल कढईत घालून मारले, त्यांचे एकोणीस साथीदार खांबांवर चढवले, जागा सान्जो पुलाजवळचं वाळवंट, बघायला लहानथोर सगळ्यांची गर्दी. संपलं. गोएमोन हे नाव त्यात नाही. मी दर शनिवारी जुनी कागदपत्रं वाचायच्या वर्गाला जाते, तिथं हे पान आम्हाला होतं. आमचे सर ऐंशीच्या पुढचे, एकेका अक्षरावर अर्धा तास बोलणारे. 'मूल' ह्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या ओळीवर गेले.

नाव मिळतं ते परक्याच्या लिखाणात. आव्हिला हिरोन नावाचा एक स्पॅनिश व्यापारी तेव्हा जपानमध्ये होता, त्यानं क्योटोच्या परिसरातल्या दरोडेखोरांबद्दल आणि त्यांना तेलात उकळल्याबद्दल लिहून ठेवलं. त्या मजकुरावर पेद्रो मोरेहोन ह्या जेझुइट पाद्र्यानं टीप जोडली की तो उकळलेला माणूस म्हणजे दुसरातिसरा कुणी नसून इशिकावा गोएमोन, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरची नऊ-दहा माणसं. मोरेहोन त्या काळात जपानमध्येच होता, म्हणून ह्या टिपेला वजन आहे. पुढं १६४२ मध्ये, हिदेयोशीच्या घराण्यानंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांच्या पदरचा पंडित हायाशी राझान लिहितो की हिदेयोशीच्या हुकमानं क्योटोचा कारभारी माएदा गेनई ह्यानं गोएमोनला पकडलं आणि त्याच्या आईला आणि वीसेक साथीदारांना त्याच्यासोबत उकळलं. इथं मूल गेलं, आई आली.

आता मोजा. चोर आहे, टोळी आहे, कढई आहे. निंजा ह्यातल्या एकाही कागदात नाही. सूड तर नाहीच. गरिबांना वाटप? राझान त्याला दरोडे घालणारा आणि वाटसरूंना नागवणारा म्हणतो, दानधर्माचं नाव नाही.

निंजा व्हायला गोएमोनला दोनशे वर्षं थांबावं लागलं. १७९७ ते १८०२ ह्या काळात हिदेयोशीचं एक भलंमोठं सचित्र चरित्र निघालं, घरोघरी वाचलं जायचं. त्यात गोएमोन इगाचा होतो, छुप्या हेरगिरीची विद्या शिकतो, मोमोची सांदायू नावाच्या इगातल्या बड्या माणसाकडे राहतो. आणि तिथं काय करतो म्हणाल तर मालकाच्या बायकोशी सूत जमवतो आणि पैसे घेऊन पळतो. तुमच्या नाटकात ह्याची बायको मरते म्हणून हा पेटून उठतो. त्या पुस्तकाप्रमाणे सूड घ्यायचा हक्क झालाच तर सांदायूचा.

शेजघरात शिरण्याचा प्रसंगही त्यातलाच, आणि तो मात्र सोडू नका. हिदेयोशीचा भाचा हिदेत्सुगू, त्याचा एक सरदार गोएमोनला पैसे देऊन फुशिमीच्या किल्ल्यात पाठवतो. म्हणजे तिथंही हा भाडोत्री मारेकरी, सुडाचा संबंध नाही. हा आत पोचतो, हिदेयोशी झोपलाय, आणि उशाशी ठेवलेली 'चिदोरी' नावाची ऊददाणी ओरडते. चिदोरी म्हणजे टिटवीच्या कुळातला किनाऱ्यावरचा छोटा पक्षी. झाकणावरचा पक्षी ओरडतो आणि चोर सापडतो. त्याच नावाची जुनी फिकट हिरवी चिनीमातीची ऊददाणी नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. रात्री टिटवी ओरडली की काय समजायचं हे सांगलीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही. तुमच्या पार्श्वसंगीतवाल्याला कामाला लावा.

आता सूड. जपानी नाटकवाल्यांनी तुमच्याआधी हाच उद्योग केलाय. १७७८ मध्ये ओसाकात नामिकी गोहेईचं काबुकी रंगभूमीवर आलं. त्यात गोएमोन कोण आहे? चीनच्या मिंग दरबारातल्या मंत्र्याचा मुलगा! जपानमध्ये वाढवला तो अकेची मित्सुहिदेनं. म्हणजे ज्यानं १५८२ मध्ये नोबुनागाचा घात केला आणि ज्याला हिदेयोशीनं दोन आठवड्यांच्या आत संपवलं, तोच. (नाटकात तो 'ताकेची' आणि हिदेयोशी 'माशिबा हिसायोशी', कारण अलीकडच्या सरदारघराण्यांना खऱ्या नावानं रंगमंचावर आणायला बंदी होती. नावं एवढी जवळची की पहिल्या बाकावरच्या पोरालाही कळावं.) एक ससाणा रक्तानं लिहिलेलं पत्र घेऊन येतो, गोएमोनला आपला जन्म कळतो, आणि जन्मदात्या बापाचा नि पोसणाऱ्या बापाचा, दोघांचा वैरी एकच निघतो. इगा नाही, निंजा नाही, बायको नाही. सूड सगळा बापांचा.

हा प्रवेश मी इथल्या मिनामिझा थिएटरात पाहिलाय, सगळ्यात स्वस्त तिकिटावर, तिसऱ्या मजल्यावरून. पडदा उघडतो तर समोर नान्झेनजी देवळाचा लाल दरवाजा आणि वरच्या सज्जात गोएमोन, हातात चांदीची हातभर चिलीम. अंगावर जरतारी जाडजूड झगा. डोक्यावर शंभर दिवस न कापलेल्या केसांचा टोप, एखाद्या झुडपाएवढा. आणि हा इसम फुललेल्या चेरीकडे बघत शांतपणे म्हणतो, "झेक्केई काना, झेक्केई काना", काय देखावा आहे, वा! मग तो अख्खा दरवाजा यंत्रावर वर सरकतो आणि खाली यात्रेकरूच्या वेशात हिदेयोशी उभा. गोएमोन वरून कट्यारीसारखं पातं फेकतो, खालचा ते पाणी प्यायच्या पळीवर झेलतो. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. पडदा. पंधराएक मिनिटांचा खेळ, कुणी मरत नाही, आणि थिएटर डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून खऱ्या दरवाजावर चढले. जिना इतका उभा की दोरखंड धरून चढावं लागतं. वर पाटी वाचली आणि हसू आलं. हा दरवाजा १६२८ मध्ये बांधलाय, गोएमोन मेल्यावर चौतीस वर्षांनी. आधीचा पंधराव्या शतकातच जळून गेला होता. गोएमोनच्या हयातीत तिथं चढायला काही नव्हतंच. आणि बांधला कुणी? तोदो ताकातोरानं, जो तेव्हा इगाचा जहागीरदार होता! म्हणजे नाटकवाल्यांनी चोराला उभं केलं तेही इगाच्या धन्याच्या दरवाजावर.

काळ्या पोशाखांचं वाईट बातमीत मोडतं. रंगमंचावर काळे कपडे घालतात ते सामान हलवणारे. ते दिसत असले तरी दिसत नाहीत असं प्रेक्षकांनी मानायचं असतं. निंजाचा काळा पोशाख तिथूनच आला असं बरेच जण मानतात. १६०३ मध्ये जेझुइटांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात 'शिनोबी' शब्द आहे, अर्थ रात्री लपूनछपून किल्ल्यात किंवा छावणीत शिरणारा हेर. कपड्यांबद्दल काही नाही. हेराला हेरासारखं दिसून कसं चालेल?

वसईचा_पोऱ्या

कामोकाठ ताई, मस्त लिहिलंय. मोरेहोनचं नाव वाचून राहवलं नाही.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. तरुणपणी पाद्र्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा अशी उचलली की १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं मंडळ हिदेयोशीकडे वकिली करायला गेलं तेव्हा दुभाषी हेच. म्हणजे तुमच्या नाटकातला खलनायक आणि वसईचा माणूस समोरासमोर बसून बोललेत. १५९४ मध्ये त्याच मंडळानं क्योटोत चर्च उभारलं. कढई चढली तेच साल!

पुढं हिदेयोशीची मर्जी फिरली. चोवीस जणांना धरलं, क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवर घालून शहरभर फिरवलं आणि तिथून भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं. वाटेत आणखी दोघं त्यांत आले. ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीस जणांना खांबांवर चढवून भाले घातले. त्यात गोन्सालो होते. १८६२ मध्ये रोमनं ह्या सगळ्यांना संतपद दिलं. मी ज्या कॉलेजात बी.कॉम. काढलं त्याला त्यांचंच नाव. लहानपणी फेस्ताच्या प्रवचनात हिदेयोशीचं नाव इतक्यांदा ऐकलं की तो आम्हाला गावातला कुणी जुना दुष्ट सावकार वाटायचा.

विंगेतला, तुमच्या गर्दीत एक दुभाषी उभा करा की. संवाद नको, नुसता बघतोय. वसईला प्रयोग लावलात तर हॉल मी भरून देतो.

जुनापुराणा

वाचतोय. तीन गोष्टी.

पहिली, कामोकाठ, तुम्ही इतिहास नीट मांडलात, पण सूड खोटा म्हणून काढून टाका असं नाटकवाल्याला सांगू नका. लोकांनी त्याला सूड चिकटवला ह्याला काहीतरी कारण असणार.

दुसरी, गरिबांना वाटणारा चोर हवाच असेल तर जपानमध्ये दुसरा आहे, नेझुमी कोझो, म्हणजे उंदीरपोर. एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, शंभराच्या आसपास सरदारवाड्यांत चोऱ्या केल्या, १८३२ मध्ये मारला गेला. गरिबांना वाटल्याचा पुरावा त्याच्याही बाबतीत नाही, पैसा जुगारात आणि बायकांवर गेला. तरी लोक त्याला मानतात. तोक्योत एकोइन देवळात त्याच्या थडग्याचे टवके काढून खिशात ठेवतात, नशीब उघडतं म्हणून. देवळानं शेवटी खरवडायला म्हणून पुढं वेगळा दगड ठेवलाय.

तिसरी, त्याच १८३२ मध्ये, ३ फेब्रुवारीला पुण्यात उमाजी नाईकांना फाशी झाली. चोर ते नव्हेत, पण सरकारदप्तरी दरोडेखोरच. रामोशांकडे किल्ल्यांची राखण होती, ती गेली, वतनं गेली, तेव्हा ते डोंगरात गेले. राखणदाराची नोकरी काढून घेतली की काय होतं हे आपल्याला शिकवायला जपान नको. इगाच्या लोकांचं असंच झालं का?

मधली_सुट्टी

थडग्याचे टवके खिशात ठेवून परीक्षेला जातात म्हणे पोरं. मी टाचेला फोड आणला, टवका आणायला हवा होता.

कामोकाठ

जुनापुराणा, सूड काढून टाका असं मी म्हटलं नाही. तो कुणाचा आणि कुणावर, एवढंच नीट ठरवा म्हणते. १५८१ मध्ये इगावर चाळीस हजारांवर फौज गेली, गावं आणि देवळं जाळली, हे खरं. पण ती नोबुनागाची फौज. हिदेयोशी त्या वेळी तिकडं पश्चिमेला तोत्तोरीच्या किल्ल्याला वेढा घालून आतल्या लोकांना उपाशी मारत होता. इगाच्या राखेचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. इगाचा, बायकोचा, निंजाचा सूड एकत्र बांधला गेला तो १९६० नंतरच्या कादंबऱ्या-सिनेमांत, आणि तुमच्या डोक्यात, विंगेतला, तोच बसलाय. काळ्या पॉपलिनसकट.

इगाच्या लोकांचं पुढं काय झालं हे सांगितलं तर कदाचित हिरमोड होईल. १५८२ मध्ये नोबुनागा मेला तेव्हा तोकुगावा इएयासू ओसाकाजवळ अडकला होता. इगाच्या डोंगरवाटांनी त्याला सुखरूप बाहेर काढलं ते ह्याच लोकांनी, इएयासूचा सरदार हात्तोरी हानझो ह्याच्या मध्यस्थीनं. बक्षीस म्हणून इएयासूनं त्यांना चाकरीत घेतलं आणि पुढं ते एदोच्या किल्ल्याचे पहारेकरी झाले. हानझोचं नाव तोक्योत किल्ल्याच्या एका दरवाजाला आहे, मेट्रोच्या एका मार्गालाही. ज्यांचं घर जळलं त्यांनी पगारी नोकरी धरली, पिढ्यान्‌पिढ्या. मला ह्यात नाटक दिसतं, पण ते वेगळं नाटक.

राखणदारांबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र क्योटोला लागू पडतं. हिदेयोशीनं १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. १५९१ मध्ये हुकूम काढला की शिपायानं गावकरी व्हायचं नाही, गावकऱ्यानं व्यापारी व्हायचं नाही. शंभर वर्षं लढाया चालल्या होत्या, त्या थांबल्यावर ज्यांच्या हातात फक्त लढायची कला उरली त्यांनी जायचं कुठं? त्यातले बरेच राजधानीत आले. १५९७ मध्ये चोर आवरावेत म्हणून पाच-पाच शिपायांचे आणि दहा-दहा साध्या माणसांचे गट करून सगळ्यांना एकमेकांना जामीन करायचा हुकूम निघाला. गोएमोनला जाहीर उकळून तीन वर्षं झाली होती. कढईचा धाक किती बसला ते ह्यावरून दिसतंच. आणि हा सगळा बंदोबस्त करणारा हिदेयोशी स्वतः शेतकऱ्याचा पोर, कुळाचं नाव नसलेला. वर चढून गेला आणि मागची शिडी ओढून घेतली. काबुकीत दरवाजाच्या वर चोर आणि खाली यात्रेकरू झालेला हिदेयोशी असे उभे करतात, त्याला टाळ्या का पडतात ते मला तिसऱ्या मजल्यावरून दिसलं. तिथं यात्रेकरू जी ओळ म्हणतो ती गोएमोनचं मरणापूर्वीचं कवन म्हणून प्रसिद्ध आहे. नदीतली, किनाऱ्यावरची वाळू संपेल एक वेळ, पण जगातलं चोरांचं बियाणं संपायचं नाही, असा तिचा अर्थ. नाटकात ती चोराच्या तोंडी न देता हिदेयोशीच्या तोंडी दिलीय. गोहेईला मानलं पाहिजे.

आता मुलाचं. तुम्ही त्याला डोक्यावर धरलंय, जुन्या रंगीत छापचित्रांतही तसंच आहे. पण त्याही आधीची, १६८६ ची एक गोष्ट आहे, आईबापांना छळणाऱ्या मुलांच्या गोष्टींच्या संग्रहातली. तिच्यात गोएमोन कढई तापते तसा सात वर्षांच्या पोराला आपल्या पायाखाली घेतो. बघणारे हसतात, स्वतःला चटके बसू नयेत म्हणून पोरावर उभा राहिला. तो म्हणतो, तसं नाही, दया येते म्हणून त्याचं लवकर संपवतोय. ती गोष्ट त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे सांगत नाही. मी डोक्यावरचं चित्र कितीदा पाहिलंय, त्यानं कधी झोप उडाली नाही. ह्यानं उडाली.

तेल की पाणी: रोजनिशीत नुसती कढई, स्पॅनिश मजकुरात तेल. नाटकात तेल घ्या. तेलाला आधी वाफ येत नाही, शेवटी धूर येतो, आणि मधला वेळ काहीच दिसत नाही. तो मधला वेळ तुमच्या प्रकाशवाल्याला द्या.

आणखी एक. पुढच्या वर्षी, १५९५ मध्ये, हिदेयोशीनं भाचा हिदेत्सुगूला पोट फाडायला लावलं आणि त्याच्या घरातल्या तीस-चाळीस बायका-मुलांना मारलं. जागा तीच, सान्जोचं वाळवंट. पुलाजवळ त्यांच्या नावानं झुइसेनजी नावाचं छोटं देऊळ आहे, फारसं कुणी जात नाही. मी गेले तेव्हा एक बाई एकट्याच पानं झाडत होत्या. गोएमोनचं थडगं क्योटोतच, गिओन भागाजवळ दाइउन-इन देवळात आहे, ते देऊळ मूळ बांधलं नोबुनागा आणि त्याच्या मुलाच्या स्मरणार्थ. चोराला कढईकडे नेताना वाटेत तिथल्या भिक्षूनं दोन शब्द ऐकवले अशी आख्यायिका आहे. वैऱ्याच्या देवळात कायमचा मुक्काम. हे तुम्ही लिहिलं असतं तर परीक्षक म्हणाले असते, ओढूनताणून आणलंय.

विंगेतला

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हा धागा छापून खिशात घेऊन फिरतोय.

मोडतोड केलीय. इगा काढून टाकलं. बायको जिवंत आहे आणि ती ह्याला विचारते, "तू नक्की कुणावर चिडलायस?" त्याला उत्तर येत नाही, दर वेळी तो वेगळा बाप सांगतो. आता प्रकाशवाल्याचा प्रश्न नाटकातच गेल्यामुळे तो मानधन मागतोय. टिटवी ठेवली. गर्दीत एक जण कानाला हात लावून उभा आहे, वसईकर ओळखतील. काळे पोशाख फुकट गेले नाहीत. चौघं काळ्यात येऊन कढई उचलून आणतात, मांडतात, खाली जाळ लावतात, आणि नाटकातलं कुणीही त्यांच्याकडे बघत नाही.

मुलाचं काम प्रकाशवाल्याचीच मुलगी करतेय, दुसरीत आहे. काल तिनं विचारलं, "काका, मी वर बसायचं का खाली?" मी म्हटलं, मंगळवारी सांगतो.

हंडा मिळाला, गल्लीतल्या गणपती मंडळाचा, महाप्रसादाचा. आत माणूस उभा राहतो, बघितलं. बाहेरच्या बाजूनं मंडळाचं नाव आणि देणगीदारांची यादी कोरलीय, तेवढी भिंतीकडं फिरवून ठेवावी लागेल.